लहान मुलांना प्राचीन चित्रकला दाखवायला चित्रांचं पुस्तक कसं निवडायचं?

चित्रवेडी:
मुलगी साडेपाच वर्षांची आहे, चित्रांच्या पुस्तकांत छान रमते. गुहाचित्रांचं एक पुस्तक आणलं, फोटो सुंदर आहेत पण प्रत्येक पानावर इतक्या हजार वर्षांपूर्वी अमुक आणि तमुक, दोन पानं झाली की 'दुसरं वाच' म्हणते. मला स्वतःला ती चित्रं बघून भरून येतं म्हणून तिलाही दाखवावीशी वाटतात. अजून दोन वर्षं थांबू का?

पानगळ:
अजिबात थांबू नका ताई. आकडे सोडून द्या, त्या वयात आजीचं लहानपण काय आणि १७,००० वर्षं काय, सारखंच. आम्ही हातांपासून सुरुवात केली. अर्जेंटिनात क्युएवा दे लास मानोस म्हणून जागा आहे, खडकावर हातच हात, हात टेकवून भोवती रंग फुंकलेला त्यामुळे मधे हाताचा रिकामा आकार राहिलाय. मुलाने फोटोवर स्वतःचा हात ठेवला आणि विचारलं, बहुतेक सगळे डावेच का? मी म्हटलं तूच सांग. त्याने डावा हात भिंतीला लावला, उजव्या हाताची मूठ तोंडाशी नेली, फू केलं आणि म्हणाला, 'उजव्यात नळी धरली असणार!'

शाईपेन:
वरच्यांशी सहमत. फक्त पुस्तकात सगळं तळहाताएवढं दिसतं, ते सांभाळा. फ्रान्समधल्या लास्को गुहेतला सगळ्यात मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे, तेवढी सुतळी मोजून जमिनीवर टाका आणि तिला शिंगांपासून शेपटीपर्यंत चालत जाऊ दे.
आणि नुसत्या नव्याने काढलेल्या चित्रांचं पुस्तक घेऊ नका, खडक दिसायलाच हवा. स्पेनच्या अल्तामिरात छताला जिथे फुगवटे आहेत तिथेच गवे रंगवलेत, फुगवटा म्हणजेच गव्याचं अंग, आणि हे सपाट कागदावर पुन्हा काढलं की सगळं निघून जातं. ती चित्रं १८७९ साली पहिल्यांदा दिसली ती आठ वर्षांच्या मारियाला, बाबा खाली माती उकरत होते आणि हिने वर बघितलं. ही गोष्ट आधी सांगा, पुस्तक मग उघडा.

चित्रवेडी:
काल मारियाची गोष्ट सांगितली, मजकूर एक ओळही वाचला नाही. गव्याच्या एकाच पानावर वीस मिनिटं बसलो, पोटावरची भेग बोटाने गिरवत होती. मग पुस्तक हातात घेऊन टेबलाखाली शिरली आणि आतून टॉर्च मागितला.