सल्ला हवा: बडोद्याहून कोस्टीअरिंग (समुद्रकाठच्या कातळावरून चढत, मधे पोहत जाणं). कुठे, कधी आणि वाटाड्या कसा पारखायचा?

दांडियाबाजारकर:
आम्ही सहा जण, वयं २४ ते ४०. पावागढच्या कातळाची सवय आहे, समुद्राची नाही. वाटाड्याबरोबर एक सकाळ खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, घालवायची आहे, मधली एखादी घळ पोहून. खंभातचं आखात जवळ पडतं, तिथे जमेल का? नीट पोहता चौघांनाच येतं.

खडपी:
खंभात विसरा. आखाताच्या वरच्या भागात उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो, ओढ जबर, पाणी गढूळ आणि किनारा चिखलाचा. चढायला कातळ तर हवा!

पहिल्या वेळेला हरिहरेश्वर. माणगाव स्टेशन, पुढे रस्त्याने. देवळामागचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीला उघडा पडतो, लाटांनी जाळी पाडलेला कातळ तिथेच आहे. सोपा दिसतो म्हणूनच घात करतो. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही, फोटोसाठीही नाही.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात खाली जातं खरं, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, पण भांगाची, म्हणजे कमी फरकाची, पाणी फारसं हटत नाही. म्हणून दोन्ही पक्षांतली तृतीया ते पंचमी बरी. हा ठोकताळा आहे, निघण्याआधी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघाच. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि पाणी फिरलं की परत.

सुरसागर_७:
पाय कुठे ठेवायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो. बारीक पांढऱ्या टोकदार शिंपल्यांचा पट्टा बुटाला धरतो. हिरवा चकाकता भाग टाळाच. त्याच्या वरचा काळा पापुद्रा सुका वाटतो, ओला झाला की साबण. कालवं हात कापतात, हातमोजे हवेत. रत्नागिरीच्या खाली जांभा लागतो, त्याची खाच पकडीला झकास, पण कधी कधी हातातच येते. आधी मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर भार टाकू नका.

बूट जुने, लेसवाले. क्रॉक्स आणि सँडल घरीच. हेल्मेट, लाइफ जॅकेट, पूर्ण बाह्यांचा घट्ट टीशर्ट.

खडपी:
वाटाड्याला विचारायचं ते असं. जीवरक्षकाचं प्रशिक्षण कुठलं? (गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं असेल तर उत्तम.) फेकायची दोरी १५-२० मीटरची आहे का? मधेच बाहेर पडायच्या वाटा कुठे? ब्रिटनमध्ये साधारण आठ जणांमागे एक वाटाड्या धरतात. तुमच्यात दोघे न पोहणारे, तेव्हा दोन मागा. ‘लाटा बघून ठरवू’ म्हणणारा चालेल, ‘काही होत नाही’ म्हणणारा नको.

उडी मारायची असेल तर वाटाड्याने त्याच दिवशी, त्याच वेळी स्वतः बुडी मारून तळ बघायला हवा. भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर धरला तर भरतीनंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला ६० सेंटीमीटर उतरतं. आठला सुरक्षित असलेला डोह नऊला तसा राहत नाही. पाय जुळवून, हात छातीशी. सूर मारायचा नाही.

दांडियाबाजारकर:
आणि ते दोघे?

सुरसागर_७:
कातळावर खुशाल, घळीत नाही. जॅकेट तरंगवतं, पण लाट खडकावर आपटायची थांबत नाही. बाकी चौघांनी लालबागच्या तरणतलावात बूट-जॅकेटसकट ५० मीटर पोहून बघा, दम लगेच कळतो.

पावसाळ्यात तर नाहीच. ऑक्टोबरातही शेवाळ ताजं असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, उंची १ मीटरच्या वर असेल तर बेत रद्द. दोन लाटांमधलं अंतर १० सेकंदांच्या पुढे असेल तर उंची कमी असूनही घळीत पाणी एकदम फुगतं. उतरण्याआधी १५ मिनिटं नुसतं बघत बसा, मोठ्या लाटा अंतराने आणि जोडीने येतात.

दांडियाबाजारकर:
मग जानेवारीतली वद्य चतुर्थी धरतो.

खडपी:
ओहोटी सव्वानऊच्या सुमारास. सव्वासातला खडपावर पाय हवा, मुक्काम आदल्या रात्री तिथेच करा.