सॉफ्टवेअर घेतलं की फाटका-सीआरएस सुटतं?

शाखेतली:
काल इथेच कोणीतरी लिहिलं, चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की ६१बी (परदेशाशी करसंबंध असलेल्या खात्यांची माहिती बँक आयकर खात्याला देते तो फॉर्म) दोन क्लिकमध्ये जातो, बँकवाले उगाच रडतात. फाटका हा त्यासाठीचा अमेरिकेचा कायदा, सीआरएस ही इतर देशांमधली तशीच व्यवस्था. १९ वर्षं काउंटरला काढलीत, म्हणून राहवलं नाही. ३१ मेच्या आधीचे आठ दिवस आमच्याकडे येऊन बसा. पाठवायची एक्सएमएल फाइल बनवणं हे शेवटच्या तासाचं काम. जीव जातो तो खातं उघडताना घेतलेल्या डिक्लेरेशनमध्ये. परवा हातात आलेला फॉर्म: जन्मस्थळासमोर 'भारतीय', करनिवासाचा (करासाठी रहिवासी मानणारा) देश कोरा, परदेशी टिनच्या, म्हणजे तिथल्या करदाता क्रमांकाच्या जागी पॅन. सह्या मात्र तिन्ही ठिकाणी. यातून सॉफ्टवेअर काय काढणार?

कोड_पुणे:
पोस्ट माझीच होती, आणि अजूनही तेच म्हणतो. नियम २०१५ला आले. इतक्या वर्षांनंतरही देश कोरा असताना मेकरची (माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याची) एंट्री पुढे जातेच कशी? दुसरं, खातं उघडल्यावर चार वर्षांनी ग्राहक +१ वाला मोबाईल देतो, पत्ता टेक्सासचा होतो. शाखेत हे कोण पकडतं? एका बँकेच्या डेटावर पहिल्यांदा सॉफ्टवेअरमधून असे बदल शोधणारे नियम चालवले तेव्हा अशी खाती शेकड्याने निघाली. त्यातल्या एकाचंही नवं डिक्लेरेशन नव्हतं.

मडगावकर:
नियम चालवता ना, मग आमचं ऐका. पोर्तुगीज पासपोर्ट बघितला की सिस्टीम करनिवासात पोर्तुगाल टाकते. अहो, सीआरएस करनिवास विचारतं, नागरिकत्व नाही! माझा भाऊ इंग्लंडात स्विंडनला गोदामात आहे, कर ब्रिटनमध्ये भरतो. त्याचं खातं दोन वर्षं पोर्तुगालच्या नावाने गेलं. त्याने लिस्बन पाहिलेलंही नाही.

नाशिकची_आई:
अमेरिकेला मात्र नागरिकत्वच पुरतं. मुलगी न्यू जर्सीत जन्मली, दीड वर्षाची असताना आम्ही परतलो. आजीने नातीसाठी एसआयपी काढायची म्हटलं, तर फॉर्मवर फॉर्म, आणि शेवटी अर्जच परत. जन्मस्थळाच्या एका रकान्यावरून! तिची आजी फंडवाल्यांच्या पायऱ्या तीनदा चढली.

कोड_पुणे:
ताई, तो फंडाचा निर्णय, सॉफ्टवेअरचा नाही. मडगावकर, तुमच्या भावाचं मॅपिंग (कोणती माहिती कोणत्या रकान्यात जाते ते) चुकलं. कोणत्या बँकेत कोणी काय जोडलं, त्याचं खापर सगळ्यांवर फोडू नका.

मडगावकर:
भोगतो कोण? २०२३च्या दुरुस्तीनंतर ग्राहकाच्या चुकीच्या माहितीसाठी बँकेला खात्यामागे ५,००० रुपये दंड लागू शकतो, आणि तो ग्राहकाकडून वसूल करायची मुभाही आहे. भावाने फॉर्मवर 'युनायटेड किंगडम' स्वच्छ लिहिलं होतं, झेरॉक्स माझ्याकडे आहे. ती नसती तर चूक त्याची नाही हे कोणी मानलं असतं?

कोड_पुणे:
बरं, एवढं मान्य. पासपोर्टवरून करनिवास आपोआप भरणं ही चूक आमच्याच लोकांची. तो रकाना माणसाला विचारूनच भरला पाहिजे. पण बदललेल्या पत्त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

शाखेतली:
तो मुद्दा घ्यावाच लागेल. पत्ताबदलाचा अर्ज आमच्याकडे फायलीला लागतो आणि तिथेच राहतो. पण तुमची यादी आली की फोन करणार मीच. मागच्या वर्षी ऐंशी जणांना केले. निम्म्यांनी फसवणुकीचा कॉल समजून ठेवून दिला, आणि बरोबरच केलं त्यांनी, फोनवर कोणी टिन सांगू नये. सहीसाठी शाखेत बोलवावं तर माणूस ह्यूस्टनला.