कंपायलरला ‘संकलक’ का म्हणायचं?

अर्धविराम
बारावीच्या सुट्टीत भाचीला हाताशी धरून एक छोटी प्रोग्रामिंग भाषा लिहितोय. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘जोपर्यंत’, ‘दाखव’ एवढेच तिचे राखीव शब्द. सोबत मराठीत टिपणं काढतोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडली. कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, ‘संकलक’ हा प्रतिशब्द बऱ्याच ठिकाणी दिसतो. भाचीने विचारलं, “म्हणजे सिनेमा कापणारा?” तिचं काय चुकलं? श्रेयनामावलीत संकलक तोच असतो. पण कंपायलर संकलन करतो तरी कशाचं? पार्सर (प्रोग्रामच्या वाक्यांची रचना सोडवणारा भाग), टोकन (प्रोग्राममधला एकेक सुटा शब्द किंवा चिन्ह) वगैरेंनाही बरे शब्द सुचवा. मी पार्सरला ‘पदविच्छेदक’ लिहून ठेवलंय आणि मलाच ते वाचवत नाही.

रजिस्टर
आज करत नाही, एकेकाळी करायचा. ग्रेस हॉपर यांनी १९५१-५२ च्या सुमारास युनिव्हॅक या संगणकासाठी ए-० हा प्रोग्राम तयार केला. नेहमी लागणाऱ्या गणिती आकडेमोडीचे तयार तुकडे टेपवर साठवलेले असत. प्रोग्रामरने फक्त कुठला तुकडा कुठल्या क्रमाने हवा ते सांगायचं. ए-० ते शोधून काढायचा, त्यांचे पत्ते जुळवायचा आणि एकत्र बांधून द्यायचा. कवितासंग्रहाचा संपादक करतो तेच काम. म्हणून ‘कंपाइल’. ते काम आता लिंकर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे आहे आणि नाव मात्र भाषांतर करणाऱ्याला चिकटलं. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेने नावातच ‘फॉर्म्युला ट्रान्सलेशन’ म्हणून खरं सांगून टाकलं होतं. थोडक्यात, ‘संकलक’ शब्दशः बरोबर आहे, फक्त आज तो लिंकरला जास्त शोभतो.

खडीसाखर
कंपायलरच म्हणा हो. आमच्या टीममध्ये सगळे मराठी आहेत आणि सगळे “कंपाइल होत नाहीये” म्हणतात. “संकलित होत नाहीये” असं कुणी म्हणालं तर त्याला बरं नाही समजून लोक चहा आणून देतील.

मराठीच्या बाई
कंपायलरबद्दल मला बोलता येणार नाही, पण अर्धविराम, ‘पदविच्छेदक’ आधी खोडून टाक. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पार्सर काय करतो ते तुझ्या टिपणात वाचलं आणि हसू आलं, कारण हे आम्ही मुलांकडून वर्षानुवर्षं करून घेतलंय. एकेका शब्दाची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची ते ‘व्याकरण चालवणे’, पुस्तकी नाव ‘पदपरिस्फोट’. अख्खं वाक्य सोडवायचं ते ‘वाक्यपृथक्करण’. ‘थोरल्या काकूंनी गरम भाकरी वाढली’ घे. उद्देश्य ‘काकूंनी’, उद्देश्यविस्तार ‘थोरल्या’, कर्म ‘भाकरी’, कर्मविस्तार ‘गरम’, विधेय ‘वाढली’. तुझा पार्सर याहून वेगळं काय करतो?

रजिस्टर
बाई, काहीच नाही. इंग्रजीतही ‘पार्स’ हा शब्द संगणकवाल्यांनी शाळेच्या फळ्यावरूनच उचललाय. मूळ लॅटिन ‘पार्स’, म्हणजे भाग. वाक्यातल्या शब्दांची जात सांगा, हा व्याकरणाच्या तासाचा प्रश्न. फरक एवढाच की आपलं वाक्यपृथक्करण तक्त्यात बसतं आणि पार्सरचं झाडावर, म्हणजे फांद्या फुटत जाणाऱ्या आकृतीत. कंसात कंस, ‘जर’च्या पोटात ‘जर’ असं कितीही खोल जाता आलं पाहिजे, आणि तक्त्याचे रकाने मोजकेच असतात.
टोकनला ‘पद’ म्हणा. ‘बिल्ला’ नको, तो बँकेत मिळतो.

खडीसाखर
आता कुणीतरी पाणिनी काढणार.

रजिस्टर
काढतोच. पी. झेड. इंगरमन यांनी १९६७ साली एका पत्रात सुचवलं होतं की प्रोग्रामिंग भाषांचं व्याकरण लिहिण्याच्या बॅकस-नाउर पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणावं. ते नाव रुजलं नाही आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. मला गंमत वाटते ती पाणिनीच्या ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ या सूत्राची. दोन सूत्रं एकाच जागी लागू पडून भांडायला लागली तर नंतरचं जिंकतं, असा त्याचा परंपरेने लावलेला अर्थ. बायसन हे पार्सर बनवणारं साधन अशाच एका भांडणात उलट निवाडा देतं: दोन नियम एकाच जागी लावता येत असतील तर फाइलमध्ये आधी लिहिलेला जिंकतो. निवाडा कुठलाही असो, असं भांडण होणार हे आधी ओळखून नियम करून ठेवावा लागतो.

अर्धविराम
क्रमावरून आठवलं, माझी फजिती सांगतो. कुठली क्रिया आधी करायची हे भाचीला विचारलं, ती म्हणाली ‘कंचेभागुबेव’. मी तसाच तक्ता भरला: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, सहा पायऱ्या. मग १० − ३ + २ चं उत्तर आलं ५. बेरीज आधी, म्हणजे १० मधून ५ गेले! कागदावर आपण असं कधीच करत नाही, ९ च लिहितो, कारण डावीकडून जायचं हे हाताला माहीत असतं. बेरीज-वजाबाकी एका पायरीवर आणि भागाकार-गुणाकार एका पायरीवर आणल्यावर सुटलं. गुणाकार-भागाकारात ही चूक अपूर्णांकांत दिसलीही नसती, पूर्णांकांत दिसते: ७ × ३ ÷ २ डावीकडून गेलं तर १०, भागाकार आधी केला तर ७.

मराठीच्या बाई
आणि ‘चे’चं काय केलंस? ‘१२ चे १/३’ मधला ‘चे’ बिचारा कुठल्याच भाषेत नाही का?

रजिस्टर
आहे की! सी किंवा पायथॉनमधलं टिंब. ‘विद्यार्थी’ टिंब ‘वय’ म्हणजे विद्यार्थ्याचे वय. आणि ते टिंबही कंसाच्या बरोबरीने सगळ्यात घट्ट चिकटतं, अगदी कंचेभागुबेवच्या क्रमाने. योगायोग आहे, पण छान आहे.

खडीसाखर
बरं, इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम एकेक वाक्य वाचून लगेच चालवणारा? इथे मी मराठीच्या बाजूने. ‘दुभाषी’ यासारखा नेमका शब्द नाही. १६७४ मध्ये रायगडावर इंग्रजांचा वकील ऑक्झिंडन याच्याबरोबर दुभाषी नारायण शेणवी होते, ते एक वाक्य ऐकायचं, ते सांगायचं, मग पुढचं. कंपायलर म्हणजे घरी बसून अख्खं पुस्तक भाषांतरित करून देणारा.

अर्धविराम
‘दुभाषी’ पक्का. दरम्यान ‘किंमत’ नावाचं चल केलं आणि लेक्सर, म्हणजे मजकूर पदांत तोडणारा भाग, पहिल्याच अक्षरावर कोसळला. अक्षर आहे का, हे मी पायथॉनच्या ‘इज-अल्फा’ला विचारत होतो. त्याच्या मते ‘क’ अक्षर, वेलांटी अक्षर नाही आणि अनुस्वारही नाही. म्हणजे ‘क’ हे नाव आणि पुढे अनोळखी कचरा. हे नाव म्हणून चालेल का, असं अख्खा शब्द देऊन ‘इज-आयडेंटिफायर’ला विचारल्यावर वेलांटी चालली.

मराठीच्या बाई
वेलांटीशिवाय ‘कि’ कसलं अक्षर! बाराखडी न शिकता वर्गात बसलेला दिसतो.

अर्धविराम
शेवटचा शब्द हवाय: बूटस्ट्रॅपिंग. कंपायलर ज्या भाषेचा, त्याच भाषेत लिहायचा; मग तो पहिल्यांदा कंपाइल कोण करणार? ‘स्वयंसाधन’ असलं काही नको.

मराठीच्या बाई
विरजण. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला.

रजिस्टर
बाई, हा आजचा सर्वांत चांगला शब्द. आणि घरात विरजण नसेल तर वाळल्या मिरचीची देठं टाकून पहिलं दही लावतात ना? १९६२ मध्ये एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेव्हिन यांनी लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला, आणि पहिल्या खेपेला तो लिस्पच्या दुभाष्याकडून चालवून स्वतःलाच कंपाइल करायला लावला. दुभाषी म्हणजे ती देठं.
विरजण आंबट असेल तर दूध कितीही चांगलं घ्या, दही आंबटच. केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात नेमकं हे दाखवलं. कंपायलरमध्ये एकदा चोरदरवाजा घातला, तो पुढच्या कंपायलरमध्ये स्वतःच स्वतःला घालेल अशी सोय केली, की मूळ प्रोग्राममधून तो पुसून टाकला तरी चालतो. प्रोग्राम वाचणाऱ्याला दूध स्वच्छच दिसतं.

अर्धविराम
विरजण लिहून घेतलं. बाई, तुमचा ‘चे’ही काल रात्री टिंबाऐवजी बसवून पाहिला. ‘विद्यार्थ्याचे वय’ दिलं तर लेक्सरला ‘विद्यार्थ्याचे’ हे एकच पद दिसतं. ‘चे’ तोडला तर उरतं ‘विद्यार्थ्या’, आणि त्या नावाचं चल नाही. सध्या ‘विद्यार्थी चे वय’ असं तोडून लिहायला लावलंय.

मराठीच्या बाई
सामान्यरूप न करता? मी गुण कापला असता. आणि उंची विचारायची झाली तर ‘विद्यार्थी चे उंची’?

अर्धविराम
म्हणून चा, ची, चे, च्या चारही घातले. सामान्यरूपाचाही नियम लिहायला बसलो होतो: विद्यार्थी–विद्यार्थ्या, तेली–तेल्या. मग भाचीने हत्ती टाकला. हत्तीचे वजन.

रजिस्टर
टिंब ठेव.