'फुल इन्शुरन्स' म्हणजे नक्की काय?

प्रश्न (ठाण्यातून) : शोरूमवाला 'फुल' म्हणतो, एजंट 'फर्स्ट पार्टी' म्हणतो आणि पॉलिसीवर 'पॅकेज' छापलंय, तिन्ही एकच का? आणि थर्ड पार्टी म्हणजे नेमका कोण?

उत्तर : बोलताना एकच दादा. थर्ड पार्टी अधिक आपल्या गाडीचं नुकसान, म्हणजे ओन डॅमेज. पहिला पक्ष आपण, दुसरी कंपनी, आणि तिसरा म्हणजे आपल्या गाडीने ज्याला लागलं तो. नुसती थर्ड पार्टी असेल आणि तीन हात नाक्यावर तुमची गाडी रिक्षाला ठोकली तर भरपाई रिक्षावाल्याला, तुमच्या बंपरला एक पैसा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती आहे ती एवढ्याचीच.

'फुल' हा शब्द मात्र बंदच करायला हवा, लोक त्यावर विसंबून राहतात आणि बिल आल्यावर गॅरेजमध्ये भांडतात. क्लेममध्ये घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट, कापतात; प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आता अख्खा बंपर प्लास्टिकचाच असतो. हा घसारा कापू नये म्हणून वेगळं 'झिरो डेप' कव्हर घ्यायचं. तरी गॅरेजवाले ज्याला फाईल चार्ज म्हणतात ते, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपला ठरलेला वाटा, आपल्यालाच भरावे लागतात, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये.

आणि पावसाळ्याचं नीट वाचा. वंदना डेपोपाशी पाणी तुंबून गाडी बंद पडली, सीट, कार्पेट, वायरिंग भिजलं तर ते ओन डॅमेजमध्ये बसतं. पण पाण्यात उभ्या गाडीला परत परत सेल्फ मारला की इंजिनात पाणी खेचलं जातं, पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ते नुकसान कंपनी सहसा नाकारते, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' कव्हर वेगळं असतं. म्हणून कृपा करून चावी फिरवू नका, टोइंग बोलवा.

प्रश्न (ऐरोलीहून) : आणि आयडीव्ही? एजंट म्हणतो कमी ठेवा, प्रीमियम वाचेल.

उत्तर : नको ताई. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली तुमच्या गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली, तर मिळणारी रक्कम आयडीव्हीवरच ठरते. एजंटचं ऐकून ती खाली आणली तर त्या दिवशी तेवढे पैसे कमी हातात येतील. प्रीमियम वाचवायचाच असेल तर एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, सांभाळा; क्लेम न घेता सलग पाच वर्षं गेली की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते आणि ती गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे जुनी गाडी विकताना एनसीबीचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीला लावता येतं.