जगबुडीची तयारी टू बीएचकेमध्ये कशी करायची? सिरीयसली विचारतेय

घोडबंदरची_सून

नमस्कार मंडळी, आधीच सांगते हसू नका. आम्ही कासारवडवलीला राहतो, एकविसावा मजला, घरात मी, नवरा, सासरे आणि दहावीतली मुलगी. सासरे रिटायर झाल्यापासून दिवसभर यूट्यूब. आधी भजनं होती, मग घरगुती औषधं, आणि आता फक्त जगाचा अंत. बाबा वेंगा (ती बल्गेरियाची अंध भविष्य सांगणारी बाई) काय म्हणाली, नॉस्त्रेदेमस नावाच्या जुन्या फ्रेंच ज्योतिष्याने काय लिहून ठेवलंय, आणि सगळ्यात जास्त ती ओडिशाची भविष्य मालिका नावाची जुनी पोथी, तिसरं महायुद्ध, समुद्र आत येणार वगैरे. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं पण आता धाकट्या दीराने उचल खाल्लीये. त्याचं म्हणणं मुरबाडच्या पुढे जागा घेऊ, बोअर मारू, सोलर लावू, दोनशे किलो तांदूळ भरून ठेवू आणि वेळ आली की सगळे तिकडे. त्यासाठी एफडी मोडायची, ती पण आमची. नवरा हो पण म्हणत नाही नाही पण म्हणत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे या भविष्यवाण्यांबद्दल सासऱ्यांशी कसं बोलू, त्यांचा अपमान न करता. दुसरं, हा सगळा फालतूपणा बाजूला ठेवला तरी घरात खरंच काही तयारी असावी का? कारण 7 मे 2025 च्या मॉक ड्रिलच्या (युद्ध झालं तर नागरिकांनी काय करायचं त्याचा सराव) बातम्या बघून मुलगी जाम घाबरली होती आणि तिला काय उत्तर द्यायचं ते मला पण सुचलं नव्हतं.

कळवा_नाका

वहिनी एकच शंका, वेळ आली की कासारवडवलीहून मुरबाडला जाणार कसे? साध्या शुक्रवारी संध्याकाळी माजिवड्यापर्यंत पोचेपर्यंत प्रलय येऊन ओसरलेला असेल 😂

खगोलवेडा

ताई, सासऱ्यांना "खोटं आहे" असं म्हणूच नका, त्यांच्याच वयातल्या जुन्या तारखा काढा, त्यांना आठवत असतील. फेब्रुवारी 1962, अष्टग्रही. रवी चंद्र मंगळ बुध गुरू शुक्र शनी आणि केतू सगळे मकरेत, देशभर यज्ञ, होमात तूप, त्यात भर म्हणजे 5 तारखेला सूर्यग्रहण. झालं काय तर काही नाही. मग जुलै 1979, स्कायलॅब, नासाचं अवकाश स्थानक. लोकांना वाटत होतं आपल्याच डोक्यावर पडणार, पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या एस्परन्स गावाच्या नगरपालिकेने कचरा टाकला म्हणून नासाला 400 डॉलर दंड लावला. मग 21 डिसेंबर 2012, माया लोकांच्या मोजणीतलं पाच हजार वर्षांहून मोठं एक चक्र त्या दिवशी संपलं आणि दुसऱ्या दिवशी पुढचं सुरू झालं, कालनिर्णयचं पान उलटावं तसं.

बाबा वेंगा 1996 ला वारली. तिने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही, जे फिरतं ते सगळं "ती असं म्हणाली होती" या थाटाचं, त्यामुळे दर डिसेंबरला नवीन यादी काढता येते, सोय आहे एकदम. आणि सासऱ्यांचा कुंडलीवर विश्वास असेल तर त्यांना जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेला प्रयोग सांगा. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोघांच्या कुंडल्या मिसळल्या आणि 27 ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 दिल्या, कोणती कुणाची ओळखा म्हणून. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी 50 आले असते.

आता आकाशातून खरंच काही पडू शकतं का, तर हो, पण ते बघणारे लोक वेगळे आहेत. 2024 वायआर4 नावाचा लघुग्रह डिसेंबर 2024 मध्ये सापडला, 2032 ला पृथ्वीवर आदळायची शक्यता फेब्रुवारीत 3.1 टक्क्यांपर्यंत चढली, चॅनेलवाले नाचले, आणि आणखी निरीक्षणं आल्यावर त्याच महिन्यात जवळजवळ शून्यावर आली. ती अशीच वागते, कक्षा नीट कळेपर्यंत वाढते आणि मग एकदम पडते. पुढचा तमाशा 13 एप्रिल 2029 चा, अपोफिस. तो 32 हजार किलोमीटरवरून जाणार, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून, पण आदळणार नाही. सासऱ्यांना ही तारीख आत्ताच देऊन ठेवा, तेव्हा सोसायटीत सगळे त्यांनाच विचारायला येतील.

आणि खरा प्रलय बघायचाच असेल तर मुंब्र्याला उतरून पारसिकचा डोंगर बघा. सगळा लाव्हा आहे तो, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, डायनासोर गेले त्या काळातला. आपण त्याला बोगदे पाडून लोकल चालवतो.

ऐरोलीकर

सगळे चेष्टेवारी नेताय म्हणून लिहितो. तारखा बकवास आहेत मान्य, पण म्हणून धोका नाही असं नाही ना. समोर खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुकेंद्र आणि आमच्या पाठीशी सगळा ठाणे-बेलापूर एमआयडीसी पट्टा. मी स्वतः केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीला आहे म्हणून सांगतो, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत राहणाऱ्या माणसाने अणुयुद्धाच्या आधी गॅस गळतीचा विचार करावा. डोंबिवलीत 2016 ला आणि परत 2024 च्या मे महिन्यात केमिकल कंपन्यांत स्फोट होऊन काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. क्लोरीन हवेपेक्षा जड, खाली बसतो, तेव्हा वरच्या मजल्यावर जायचं, खाली पळायचं नाही. अमोनिया असेल तर ओला रुमाल नाकाला, तो पाण्यात विरघळतो. खिडक्या बंद, एसी एक्झॉस्ट बंद, आणि बाहेर निघायचंच असेल तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवं जा. हे आमच्या सेक्टरमधल्या दहापैकी नऊ जणांना माहीत नाही पण बाबा वेंगा माहितीये.

अणुबॉम्बचं पण सांगतो, कारण तुमच्या मुलीने विचारलं तर उत्तर पाहिजे. अगदी स्फोटाजवळ असाल तर प्रश्नच मिटला. लांब असाल तर मारते ती नंतर खाली बसणारी धूळ, आणि तिचा जोर झपाट्याने उतरतो. साधारण हिशोब असा की वेळ सातपट झाली की किरणोत्सर्ग दहापट कमी, म्हणजे पहिल्या तासाला जेवढा तो सात तासांनी दहावा हिस्सा आणि दोन दिवसांनी शंभरावा. त्यामुळे पहिले दोन दिवस काँक्रीटच्या इमारतीत मधल्या खोलीत थांबणं हे मुरबाडच्या पत्र्याच्या शेडपेक्षा कधीही बरं. वरच्या दोनचार मजल्यांवर मात्र नको, गच्चीवर धूळ साचते. आणि आयोडीनच्या गोळ्या ऑनलाइन मागवू नका, त्या फक्त थायरॉइडपुरत्या, त्या पण सरकारने सांगितलं तरच.

सीवूड्स_सेक्रेटरी

बरं आता माणसात येऊया का. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि माझ्यासाठी जगबुडी म्हणजे 12 ऑक्टोबर 2020. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई ठाणे नवी मुंबईची लाइट एकदम गेली, कळवा-पडघ्याच्या लाइन ट्रिप झाल्या, लोकल जिथल्या तिथे. तरी तो एका दिवसाचा खेळ होता. तेच तीन दिवस चाललं तर एकविसाव्या मजल्यावर काय होईल ते क्रमाने डोळ्यासमोर आणा. आधी लिफ्ट. मग वरच्या टाकीतलं पाणी, कारण पंप बंद. मग मोबाईलचे टॉवर, त्यांच्या बॅटऱ्या काही तासांच्या. मग यूपीआय, म्हणजे खात्यात हजारो रुपये असून वाण्याकडे पाच रुपयाची काडेपेटी मिळणार नाही, म्हणून घरात पाच-सात हजार सुट्या नोटांत ठेवा, दोन हजाराची औषधं अचानक लागली तर कार्ड चालणार नाही.

पाणी: माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा. तुम्ही चौघं, तीन दिवस, 48 लिटर, म्हणजे वीसचे तीन जार झाले. हे फक्त प्यायचं. संडासाचं वेगळं, ते धरलं तर आकडा बघून चक्कर येईल, म्हणून एक मोठा ड्रम बाल्कनीत. क्लोरीनच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, पाकिटावरच्या प्रमाणाने टाकायच्या, जास्त टाकलं की जास्त शुद्ध होतं असं नाही.

खायला शिजवावं लागणार नाही असं ठेवा. अमेरिकन व्हिडिओत ते टिनचे डबे दाखवतात, आपल्याला कशाला? सातूचं पीठ गूळ-पाण्यात कालवलं की झालं, पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, मेतकूट, राजगिऱ्याच्या वड्या. आपल्या आज्यांनी जगबुडीचा मेनू कधीच काढून ठेवलाय. रोजच्या वापरातलंच पंधरा दिवसांचं जास्त आणायचं आणि जुनं आधी संपवायचं. सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या कायम जास्त. टॉर्च, पॉवरबँक, आणि सेलवर चालणारा रेडिओ, तो विसरू नका. 112 आणि जिल्ह्याचा 1077 कागदावर लिहून फ्रिजला लावा. फोन बंद पडल्यावर नंबर फोनमध्ये असून उपयोग काय.

आणि सोसायटीत विचारा की जनरेटरवर एक लिफ्ट चालते का दोन, डिझेल किती तासांचं आहे, कुठल्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवरचा पेशंट आहे. आमच्याकडे ही यादी करायला घेतली तर दोन मेंबर भांडायला आले, म्हणे प्रायव्हसी. एजीएममध्ये पार्किंगवर दोन तास आणि यावर दोन मिनिटं, असो.

निवृत्त_मास्तर

सूनबाई, मी अष्टग्रहीच्या वेळी शाळेत होतो. गावातल्या दोघातिघांनी कोंबड्या-बकऱ्या विकून गोडधोड करून खाल्लं, आता मरायचंच आहे म्हणून. मेले नाहीत, मग वर्षभर उधारी फेडत बसले.

पण 1972 चा दुष्काळ मी शिक्षक म्हणून सांगोल्याकडे बघितला. तो खरा. माणसं बायकापोरांसकट खडी फोडायला, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापली की फुटायची, आणि पोरांना सुकडी. त्याचं काय म्हणाल तर धान्य आपोआप कुणाच्या घरात आलं नाही, कामं काढली, मजुरी दिली, रेशन चालवलं म्हणून माणसं जगली, त्यातूनच पुढे 1977 चा रोजगार हमीचा कायदा आला. ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या ते आतून कडी लावून जेवायचे आणि रात्रभर जागे असायचे. तुमच्या दिरांना विचारा, मुरबाडला दोनशे किलो तांदळावर रखवालीला कोण बसणार, आणि आसपासच्या पाड्यावर उपाशी माणसं असतील तेव्हा हे काय करणार. सोलर काय कामाचं मग.

सासऱ्यांना मात्र यातलं काहीतरी काम द्या. पाण्याचे जार बदलायचे, गोळ्यांच्या तारखा बघायच्या, रेडिओ लावून बघायचा. माझ्या मुलाने मला सोसायटीच्या फायर एक्स्टिंग्विशरच्या तारखा तपासायला बसवलंय, यूट्यूब निम्म्यावर आलं.

कळवा_नाका

मास्तर 🙏. आणि वहिनी, मुरबाडची ती जागा शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात शेतकरी असल्याशिवाय घेता येत नाही हे दिरांना माहितीये का? सातबारावर नाव आहे का कुणाचं? का एजंटने "नंतर करून देतो" सांगितलंय? तसं असेल तर प्रलय एफडीवर येणार आधी.

शिवाय त्या बाजूला पावसाळ्यात बघा. जुलै 2019 ला उल्हास नदी चढली तेव्हा वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर माणसांसकट पाण्यात अडकली होती. डोंगराकडे पळालं की सेफ असं काही नसतं.

घोडबंदरची_सून

बापरे एवढी उत्तरं, खूप थँक्यू सगळ्यांना. अपडेट देते. सातबारा आहे, सासऱ्यांच्या नावावर, गुहागरला, त्यामुळे तो मुद्दा आमच्यावरच उलटला, दीर अजून हट्टाला पेटलाय. पण रखवालीचा प्रश्न विचारल्यावर जरा गप्प झाला, म्हणे बघू कुणीतरी ठेवू. मी म्हटलं त्याला पगार कुठल्या यूपीआयने देणार.

सासऱ्यांना थ्रेड वाचून दाखवला. अष्टग्रही म्हटल्यावर खुलले, त्यांच्या वडिलांनी पण होमाला वर्गणी दिली होती म्हणे. अपोफिसची तारीख डायरीत लिहून घेतलीये. आणि त्यांचा एक प्रश्न आहे, नासाने ते 400 डॉलर भरले का?

सेक्रेटरी ताई, तूरडाळ आणि तांदूळ पंधरा दिवसांचं जास्त ठेवलं तर किडे लागतील ना? आमच्याकडे पावसाळ्यात महिन्यात पोरकिडे होतात.

सीवूड्स_सेक्रेटरी

डाळीला एरंडेलाचा हात फिरवा, चमचाभर पुरतं किलो-दोन किलोला, धुताना निघून जातं. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि डबा घट्ट झाकणाचा. भरायच्या आधी ऊन द्या, पावसाळा सुरू व्हायच्या आत.

खगोलवेडा

नासाने नाही भरले. तीस वर्षांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओवाल्याने श्रोत्यांकडून गोळा करून भरले. काकांना सांगा आणि अजून प्रश्न असतील तर इथेच टाका, मी असतोच रात्री.