अनुभव धागा: या मशीनला कोणीतरी सांगा

मोबाईल, कॉम्प्युटर, ॲप, प्रिंटर, टीव्ही यांच्या नावाने बोटं मोडायला हा धागा काढलाय. अट एकच. 'फोन हँग होतो', 'नेट स्लो आहे' हे नको, ते सगळ्यांचंच रडगाणं आहे. मला ऐकायचंय ते असं: वस्तू बनवणाऱ्याने आपल्याबद्दल काहीतरी धरून चाललं आणि ते आपल्या घरात, गावात, शेतात लागूच पडलं नाही. चोवीस तास लाईट, घरात बसून रेंज, माणशी एक फोन, यांतलं काहीही चालेल. कंपनीचं किंवा ऑफिसचं नाव मात्र घेऊ नका, कोणाला कोर्टात खेचायचं नाहीये.

माझंच आधी सांगतो. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, फॉर्ममधल्या याद्यांना मात्र ते अजून पचलेलं नाही. एका साइटवर जुनं नाव, दुसऱ्या साइटवर नवं, तिसरीवर दोन्ही, आणि तिथे कोणतंही निवडा, 'पत्ता आधारशी जुळत नाही' हे ठरलेलं. जुनं नाव निवडण्यात वेगळी जोखीम, कारण औरंगाबाद जिल्हा बिहारमध्येही आहे. मिक्सरचं भांडं मागवलं होतं. पिनकोड ४३१००१ ठळक लिहिलेला, तिकडचा ८२४१०१. तरी पार्सल बिहारला. डिलिव्हरीवाल्याचा फोन: "सर, घर कहाँ पड़ता है?" म्हटलं, क्रांती चौकाजवळ. तो म्हणे, "ये कौन सा चौक है?" मीही त्याला वीस पावलांवरचं दुकान, सिग्नल, सगळं समजावत बसलो. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. पिनकोड भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, मग भरून घेतलेल्या पिनकोडचं हे लोक करतात काय?

डीटीपीवाला, नांदेड

लग्नसराईत आमच्या दुकानात येऊन बसा, मग कळते. आमचं सगळं काम पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती ७.० आली २००१ ला, पुढं काही निघालंच नाही. तरी पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं आजही त्याच्यातच होतात, कारण हात बसलेला आहे आणि जुन्या मशीनवर ते पळते. फक्त त्याला युनिकोड, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची आताची सगळीकडची पद्धत, कळत नाही. आणि गिऱ्हाईक मजकूर पाठवते व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडमध्येच.

आमच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असते. कन्व्हर्टर आहेत, नाहीत असं नाही. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. कन्व्हर्टर तिथंच झोपते. जुन्या फॉन्टातलं युनिकोडमध्ये नेलं की 'आशीर्वाद'चा 'आशीवार्द' होते, 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम'; युनिकोडमधलं जुन्या फॉन्टात आणलं तरी रफार असंच भलत्या अक्षरावर बसते. तुम्ही पेपरात, सरकारी पत्रकात हे शंभर वेळा पाहिलं असेल. ते टाइप करणाराचं अज्ञान नव्हे, कन्व्हर्टरची करामत आहे.

आता नवरदेवाचे मामा बाकड्यावर बसलेले, प्रूफवर बोट ठेवून एकेक नाव वाचायले. 'व्यवस्थापक' मध्ये कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावरून तिथंच फोनाफोनी चालू. त्यात 'आशीर्वाद'चं रफार सरकलेलं निघालं तर पत्रिका आपल्या तोंडावर. म्हणून आम्ही सरळ सगळं परत टाइप करतो. मग मामा बिल बघून म्हणतात, "मजकूर तर आम्ही टाइप करून दिला होता, कंपोजिंगचे पैसे कशाचे लावायले?"

काय सांगावं? रफार कोणत्या बाजूनं येते ते?

काळा कोट, अंबाजोगाई

डीटीपीवाले दादा, तुमच्या दुखण्याचा धाकटा भाऊ आमच्याकडे आहे. आमच्या नावाआधी लागणारं 'ॲड.' ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये. त्याआधी लोक अ काढून त्यावर चंद्र चढवायचे, आणि काही कीबोर्ड आजही तेच करतात. डोळ्यांना दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी. वकिलांच्या यादीत शोधायला जावं तर निम्मे वकील सापडतात, निम्मे फरार. अशिलांना ही गोष्ट सांगत नाही.

माळवद, हिंगोली जिल्हा

आमचं थोडक्यात. रेंज माळवदावर. ओटीपी माळवदावर. फॉर्म खाली, कॉम्प्युटरवर. मधे शिडी. मुदत दहा मिनिटं, आणि आई खालून ओरडतेय, पावसाची माती सरकली, जपून उतर.

फडावरची पोर, बीड जिल्हा

हसण्यासारखं लिहिता येत नाही म्हणून दोनदा खोडलं. तरी लिहिते.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आईच्या बोटांवर रेषा म्हणून राहिल्या नाहीत. पाचट ब्लेडसारखं लागतं, वर कोयत्याची मूठ, मोळ्या बांधणं. आणि रेशनच्या मशीनला पाहिजेत रेषा. उजवा अंगठा, नाही. डावा, नाही. दुकानदार सांगतो, "मावशे, बोट डोक्याला पूस." केसाचं तेल लागलं की कधी कधी घेतं. नाहीतर पदर ओला करून पुसायचं. एकदा करंगळीनं घेतलं. तेव्हापासून आई सरळ करंगळीच पुढं करते आणि लाईनीतल्या बाया हसतात, "आली बघा करंगळीवाली."

बोट लागलं नाही तर ओटीपीची सोय आहे म्हणे. नंबर जोडलाय बाबांचा. बाबा टोळीबरोबर कर्नाटकात, फोन कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, आणि कोपीत लाईट नाही. मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चार्ज केला तर संध्याकाळी चालू होतो. तोपर्यंत दुकान बंद. घरात फोन एक आणि माणसं दोन राज्यांत, हे त्या मशीनला कोणी शिकवलंय का?

सेतूवाला, सेलू

ताई, एक करून बघा. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं घेतात. आणि दहापैकी कोणतं बोट सगळ्यात बरं लागतं, तेही तपासता येतं, मग मशीनवर तेच बोट लावायचं. तुमच्या आईनं ते स्वतःच शोधून काढलं म्हणा.

फडावरची पोर, बीड जिल्हा

दादा, केंद्र तालुक्याला आहे. जाऊन यायचं म्हणजे एक दिवसाची हजेरी गेली. दिवाळीनंतर तर आईही इथं नसते. बघते, यंदा परत आले की.

खोली नंबर सात, लातूर

मी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरलालो. फोटो पाहिजे २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. माझा फोन फोटो काढतोय चार एमबीचा. म्हणजे ह्यांनी जेवायला बोलवायचं आणि अर्धी भाकर घेऊन ये म्हणायचं. छोटा करलालो तर ५३, अजून केला तर १८. शेवटी ४९ वर बसवला, जीव खाली पडला, तर पुढच्या पानावर काय? 'छायाचित्र अस्पष्ट आहे.' अस्पष्ट कोणी केलं बे!

तोवर वेळ संपली, परत लॉगिन, परत कॅप्चा. आणि कॅप्चात काय विचारलालेत? 'फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा.' लातुरात कोणत्या चौकात ते लाल बुटकं नळकांडं हाय, दाखवा मला. अमेरिकेतल्या रस्त्याचे फोटो दाखवायचे आणि मी माणूस हाय का नाही ते ठरवायचं. टँकर ओळखायला लावा की! २०१६ ला आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं होतं, मिरजेहून. तसला डबा दाखवला तर लातूरचं शेंबडं पोरगंही ओळखंल.

निवृत्त, परभणी

मी तक्रार करायला आलेलो नाही. तुम्हा लोकांना जुने दिवस माहीत नाहीत, म्हणून हे सोपं वाटतं.

हयातीचा दाखला द्यायला आम्ही नोव्हेंबरात बँकेत उभे राहायचो. साहेब मान वर न करता विचारायचे, "स्वतः आलात का?" २०१४ पासून तो डिजिटल झाला, २०२१ पासून चेहरा दाखवूनही देता येतो. मी गेल्या खेपेला घरच्या ओसरीवर बसून दिला. दोन ॲप घ्यावी लागतात, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं होतं, तरी झालं. नातू शेजारी होता हे खरं. पण बँकेतही कोणीतरी बरोबर लागतच होतं.

पेन्शनरांना विचारा, जुनी रांग परत हवी का. एकही हात वर करणार नाही.

फडावरची पोर, बीड जिल्हा

गुरुजी, पटलं. पण तुमच्याजवळ नातू होता, ओसरी होती, रेंज होती. रांग आमचीही गेली नाही, फक्त आता रांगेच्या शेवटी माणूस नाही, मशीन आहे. माणसाला निदान आई ओळखीची होती.

निवृत्त, परभणी

हे मात्र मान्य.

किराणा, जालना

माझं दुखणं पैशांचं. गिऱ्हाईक क्यूआर मारतं, त्याच्या खात्यातून पैसे जातात, माझा स्पीकर गप्प. तो म्हणतो गेले, मी म्हणतो आले नाहीत, मधे साखरेची थैली लोंबकळत. ओळखीचा असला तर "राहू द्या भाऊ, आले की सांगतो." अनोळखी असला तर दोघंही एकमेकांना चोर समजणार. आणि स्पीकर बोलतो नेमका रात्री शटर ओढताना, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, "साठ रुपये प्राप्त हुए." आता तो साठवाला कुठं शोधू?

काळा कोट, अंबाजोगाई

शेठ, गिऱ्हाइकाला हे सांगत चला. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे कापले गेले पण दुकानदाराचा दुजोरा आला नाही, तर पाच दिवसांत आपोआप परत मिळाले पाहिजेत. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले अडकले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. मागावी लागू नये असा नियम आहे, पण बँकेकडे लेखी तक्रार टाकलेली बरी.

नावाचा बागायतदार, औसा

आता माझं ऐका. हिरीवर मोबाईल स्टार्टर बसवलाय. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: थ्री फेज लाईट आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात अंधारात बॅटरी घेऊन जायचं, पायात काय वळवळतंय बघायचं, मोटर चालू करून यायचं. त्यातून सुटका म्हणून ते डबडं घेतलं. आत एक सिम घालायचं. घरून फोन लावला की मोटर चालू. लाईट आली की ते स्वतः आपल्याला फोन करतंय. लई झकास वस्तू, तिच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही.

माझं भांडण सिमशी. त्याला लागतो फक्त कॉल. पण रिचार्ज मारायचा तर रोजच्या नेटसकट. ते काय बाभळीखाली बसून रील बघणार हाय? वर मुदत २८ दिवस. म्हणायला महिना, मोजायला गेलं तर वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. आणि मुदत संपायली हा मेसेज कुठं येतोय? त्याच सिमवर. डबड्यात. ते वाचणार कोण, आतली पाल? परवा हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, फोन लावला तर 'या क्रमांकाची सेवा बंद आहे'. लाईट हाय, हिरीत पाणी हाय, मोटर चांगली हाय, आणि रान कोरडं.

कंपनीला वाटतंय प्रत्येक सिमच्या मागं एक माणूस असतो, स्क्रीनकडं बघत बसलेला.

काळा कोट, अंबाजोगाई

फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आता ठेवावेच लागतात. ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये नियमात तशी दुरुस्ती केली. जानेवारी २०२५ पासून ते बाजारात आहेत, मोठ्या मुदतीचेही. ॲपमध्ये अगदी तळाला टाकलेले असतात, खाली खाली जा.

सेतूवाला, सेलू

तोवर माझंही टाकतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ टाकायला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, माझ्या दोन्हींत नाही. मशीन ठणठणीत, प्रिंटर ठणठणीत, आणि दुरुस्तीवाला म्हणायला, भंगारात घाला. उत्पन्नाचा दाखला काढायला असं कोणतं रॉकेट उडवायचंय?

आणि एक. अपडेट चालू असताना स्क्रीनवर येतं, 'कॉम्प्युटर बंद करू नका.' अरे बाबा, मी कुठं बंद करायलो? बंद करणारा सबस्टेशनला बसलाय, त्याला मेसेज पाठव.

नावाचा बागायतदार, औसा

वकीलसाहेब, उपकार झाले. त्या नंबरला कोणते पॅक चालतेत ते बघायला ॲपमध्ये गेलो. नंबर टाकला. म्हणतंय, 'तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.'

मोबाईल हिरीवर हाय. पोराला स्क्रू ड्रायव्हर देऊन पाठवलंय.