तीन माद्या, तीन नर: एका मादीच्या मानेची पिसं गेली

परसदार_कुडाळ
घरामागे सहा खाकी कॅम्पबेल बदकं आहेत. मोठी झाली तसे त्यात तीन नर निघाले. पाऊस लागल्यापासून तिघेही एकाच मादीच्या मागे असतात. तिच्या मानेवरची पिसं जाऊन कातडी दिसायला लागलीय. खुराडं मोठं केलं तर थांबेल का? आणि नर काढले तर अंडी बंद होतील?

नलूकाकू_अलिबाग
खुराडं कितीही मोठं बांधा, ते तिला शोधतीलच. एका नरामागे चार-पाच माद्या हव्यात, तुमच्याकडे एकास एक आहे. त्या मादीला आजच बाजूला काढा. पण एकटी नको, दुसरी मादी सोबत द्या. एकटं बदक ओरडून आळी डोक्यावर घेतं आणि खाणंही सोडतं. मानेवर जखम असेल तर मिठाच्या पाण्याने धुवा आणि माशी बसू देऊ नका, पावसात अळ्या पडायला वेळ लागत नाही.

अंड्यांची चिंता सोडा. मादी नराशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. माझे जास्तीचे नर वेगळ्या जाळीत असतात. माद्या नजरेआड असल्या की आपसात गुण्यागोविंदाने राहतात. आमच्या ह्यांना हे पटत नव्हतं, आता तेच त्यांना कोंडा घालतात! पिल्लं हवीत तर एक शांत नर माद्यांत ठेवा, तोही त्रास द्यायला लागला तर जाळीत. खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक होत नाही, अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतील, २८ दिवस.

खाडीकाठ
पाण्याकडेही बघा. बदकं पाण्यात जोडी करतात. दोन-तीन नर एकदम चढले तर मादी बुडून मरू शकते. टाकी उथळ ठेवा, बाहेर पडायला उतार हवा.

परसदार_कुडाळ
काकू, दोन नर नक्की ओळखतो, तिसऱ्याच्या शेपटीवरचं नराची खूण असलेलं वळलेलं पीस गळलंय, म्हणून खात्री वाटत नाही. आणि नरांना कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं तर?

नलूकाकू_अलिबाग
पिसं झडताना ते पीसही गळतं, आवाज ऐका. मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज घसा बसल्यासारखा. आणि कोंबड्यांत नर अजिबात नको! कोंबड्याला लिंग नसतं, बदकाच्या नराला असतं. तो कोंबडीवर चढला तर तिला आतून जखम होते. जाळीच लावा. दोन हात उंच पुरते, खाकी कॅम्पबेल फारशी उडत नाहीत.